जजशी मैत्री नको, शांतपणे उभं राहणं पुरे

तुमची कुत्री जुई दीड वर्षाची. घरात बस, थांब, हील (पायाला लागून चालणं) सगळं चोख करते, पण अनोळखी माणूस जवळ आला की शेपूट पोटाखाली घेऊन तुमच्या पायांमागे दडते. आज्ञापालनाच्या स्पर्धेत जज तिला हात लावून तपासणार, म्हणून ‘दिसेल त्या माणसाच्या हातून खाऊ भरवा’ असा सल्ला तुम्हाला मिळालाय. हा सल्ला कृपा करून आजपासूनच बंद करा.

मी माझ्या चंपीला अनेक महिने असाच खाऊ भरवत होते. मागचे पाय दूर रोवून, मान ताणून ती खाऊ उचलायची आणि मला वाटायचं, जमतंय. प्रत्यक्षात खाऊच्या ओढीने ती तिला झेपत नव्हतं तेवढी जवळ जात होती. घास गिळला की समोर माणूस उभा आहे हे तिच्या लक्षात यायचं. एकदा नेमक्या त्याच क्षणी समोरच्याने डोक्यावर हात ठेवला आणि ती त्या हातावर झेपावली. दात लागले नाहीत, पण त्यानंतर हातात खाऊ घेतलेला माणूस दिसला तरी ती थरथरायची. ते निस्तरायला मला वर्षभर लागलं.

म्हणून सुरुवात अंतरापासून करा. माणूस दिसतोय, तरी जुई खाऊ खातेय आणि तुमचं ऐकतेय, असं अंतर शोधा. ते तीस फूट असेल, नाहीतर साठ. त्या माणसाने तिच्याकडे बघायचं नाही, तिच्याकडे बाजू करून उभं राहायचं. आधी माणूस दिसू दे, मग तुमच्या हातून खाऊ. हा क्रम उलटा झाला तर खाऊच्या पिशवीचा आवाजच तिला ‘आता कोणीतरी येणार’ असं सांगायला लागेल. चार-पाच वेळा झालं की तिथून निघून या. लांब जायला मिळणं हेही तिच्यासाठी बक्षीसच आहे. पुढे त्या माणसाला सामील करायचं असेल तर त्याने खाऊ जुईच्या मागच्या बाजूला टाकायचा. खायला ती लांब जाते, परत यायचं की नाही हे तिचं ती ठरवते. न बोलावता ती वळून आली, तर ते खरं पाऊल.

खाऊ नाकारला म्हणजे तुम्हाला आधीच उशीर झालाय. त्याच्या बरंच आधी ती ओठ चाटते, अवेळी जांभई देते, पुढचा पंजा उचलते, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवते किंवा उगाच जमीन हुंगायला लागते. तेव्हाच अंतर वाढवा. गुरगुरली तर रागावू नका. रागावलं की कुत्रं गुरगुरणं सोडतं, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी ते न सांगता चावतं. घाबरलेली असताना जवळ घेतलं तर भित्री होईल, हेही मनातून काढा. तिला आधार हवा असेल तर द्या.

आता रिंगमधल्या, म्हणजे स्पर्धेच्या आखलेल्या जागेतल्या, तपासणीबद्दल. अमेरिकन केनेल क्लबच्या नॉव्हिस म्हणजे नवशिक्यांच्या वर्गात कुत्रं पट्ट्याशिवाय उभं असतं, हँडलर (कुत्र्याला घेऊन उतरलेला माणूस) सहा फुटांवर असतो आणि जज एका हाताने डोकं, धड आणि मागचा भाग हलकेच स्पर्शून बघतो. तुमच्या स्पर्धेचे नियम जरा वेगळे असले तरी कस याच गोष्टींचा लागतो. स्पर्श आधी तुम्ही करा, त्याच क्रमाने, प्रत्येक वेळी आधी एक ठरावीक शब्द उच्चारून. मग घरातल्यांनी, मग ओळखीच्यांनी. अनोळखी माणूस आला की स्पर्श नाही: त्याने नुसतं बाजूने चालत जायचं. ते सहज व्हायला लागलं की खांद्याला अर्धा सेकंद हात. या सगळ्यात तुम्ही तिच्याजवळच. तुमचं लांब जाणं अगदी शेवटी, आणि ज्या दिवशी ते वाढवाल त्या दिवशी माणूस ओळखीचाच ठेवा.

आठ आकड्याच्या व्यायामाला मात्र घाबरू नका, तो भित्र्या कुत्र्यांसाठी वरदान आहे. दोन माणसं एकमेकांपासून आठ फुटांवर खांबासारखी उभी असतात, न बघता, न बोलता, आणि तुम्ही कुत्र्याला घेऊन त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या (8) आकारात चालता. चंपी माणसांच्या जवळून जायला तिथेच शिकली. आम्ही पंधरा फुटांच्या अंतराने सुरुवात केली होती. टोपी, गॉगल, हातात कागदांचं पॅड अशा वेशातली माणसंही हळूहळू आणा, कारण जज बरेचदा तसेच दिसतात.

पिल्लांचा माणसांची सवय लागण्याचा सगळ्यात सोपा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा. जुईचा तो गेलाय, त्यामुळे महिने लागतील. मागच्या भागाला हात लावल्यावर ती विशेष दचकत असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा. कंबर किंवा खुबा दुखत असेल तर सरावाने काही होणार नाही. आणि पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरू नका. तिथे ती मागे सरली तर गुण जातील, त्याचं मला काही वाटत नाही. पण रिंग म्हणजे पकडून हात लावण्याची जागा, हे तिच्या मनात बसलं तर तुम्ही आजच्यापेक्षा मागे जाल. तिला रिंगच्या बाहेर, लांबवर घेऊन बसा, खाऊ द्या आणि दहा मिनिटांत घरी आणा.

या आठवड्यात एवढंच करा: माणूस दिसूनही ती निवांत खाते ते अंतर पावलांनी मोजा आणि वहीत लिहा.