आईची केमोची फाइल आता कॉम्प्युटरवर

प्रश्न : आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, केमो चालू आहे. हॉस्पिटलने आता सगळं कॉम्प्युटरवर घेतलंय, डॉक्टर आमच्याकडे कमी आणि स्क्रीनकडेच जास्त बघतात. जुनी जाडजूड फाइल टाकून द्यायची का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, फाइल अजिबात टाकू नका! स्क्रीनचं म्हणाल तर सुरुवातीचे काही महिने टायपिंगमध्ये वेळ जातोच, तुमची तक्रार रास्त आहे, तसं डॉक्टरांना सरळ सांगा. पण केमोत या रेकॉर्डचा खरंच फायदा असतो, कारण बऱ्याच औषधांचा डोस उंची-वजनावरून काढतात, म्हणजे वजन उतरलं की हिशोब परत करावा लागतो, आणि डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाला तर आयुष्यभराची मर्यादा आहे, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम, त्यापुढे हार्टला धोका वाढत जातो. ही बेरीज हाताने लिहिलेल्या कागदांवरून करायची म्हणजे चुकायची भीती, सिस्टीममध्ये मागचे सगळे डोस नीट भरलेले असले तर ती समोरच दिसते.

म्हणूनच जुनी माहिती आत गेली का ते बघा. बायोप्सी रिपोर्ट, ईआर-पीआर-हर२ (कोणती औषधं लागू पडतील हे सांगणारी गाठीची तपासणी), आधीच्या प्रत्येक सायकलचा डोस, २डी इको (हार्टची सोनोग्राफी), ॲलर्जी, हे सगळं स्कॅन झालंय ना विचारा. नुसता फोटो चढवून उपयोग नाही हं, डोसचे आकडे आकडे म्हणूनच भरायला हवेत, नाहीतर बेरीज होणार कशी? पॅथॉलॉजीचे ब्लॉक आणि स्लाइड (गाठीचे मेणात जपलेले तुकडे आणि काचपट्ट्या) मात्र जपून ठेवा, सेकंड ओपिनियनला तेच मागतात. आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडी) १४ आकडी असतो, तो या रेकॉर्डला जोडायचा की नाही हे आईंनाच ठरवू द्या.