जुना वाडा हेरिटेज यादीत आला तर दुरुस्ती करता येते का?

हो येते, घाबरू नका. संभाजीनगरात लोकं उगाच भेतात की हेरिटेज कमिटी वाडा ताब्यात घेते, तसं काही नसतं, मालकी तुमचीच राहते. कमिटी मनपा आयुक्तांना सल्ला देते, परवानगी मनपाची. यादीत महत्त्वानुसार ग्रेड असतात: सगळ्यात महत्त्वाच्या ग्रेड १ ला बदल जवळपास चालतच नाहीत, ग्रेड ३ ला बरीच सूट. फक्त सिमेंट नका मारू हो! मलिक अंबरनं १६१२ ला बांधलेलं भडकल गेट चुन्यातच उभंय. आमच्या वाड्याला गवंड्यानं सिमेंट थापलं, दोन पावसाळ्यात ओल आत कोंडून दगडाचे पापुद्रे सुटायला लागले, हात लावला की भुगा. चुन्यात गूळ अन् बेलफळाचं पाणी कालवणारा जुना गवंडी शोधा, अन् अर्जाला आधीचे फोटो जोडा.