‘जरा प्राणायाम कर’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

प्रश्न : मी सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनची पहिल्या वर्षाची रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेत वॉर्डात काम करणारी डॉक्टर आहे. आमचा इमर्जन्सी डे (तातडीचे पेशंट आमच्या युनिटकडे येतात तो दिवस) सकाळी सुरू होतो, तो दुसऱ्या दिवशीची राउंड, सॅम्पल्स, डिस्चार्ज कार्डं उरकेपर्यंत संध्याकाळवर जातो. परवा पहाटे एका पेशंटच्या मुलानं विचारलं, “मॅडम, आई वाचेल ना?” मान वर न करता मी म्हणाले, “बेड नंबर सांगा.” त्याचं नंतर वाईटसुद्धा वाटलं नाही, याचीच भीती वाटते. घरचे म्हणतात, जरा प्राणायाम कर. सीनियर म्हणतात, आम्हीही हेच केलं. मी या पेशाला लायक नाही का?

उत्तर : लायकीचं राहू दे, आधी झोपेचं बोलू. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते आणि २४ तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखी. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. अशा अवस्थेत तू पोटॅशियमच्या ड्रिपचा हिशेब करतेस. नाइटनंतर स्कूटीला तर हातच लावू नकोस.

थकवा, कामाबद्दल आलेला कोरडेपणा आणि ‘आपल्याला जमत नाही’ ही भावना, ही बर्नआउटची तीन अंगं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये नोंदवली. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. प्राणायामाशी माझं वैर नाही, मी रोज करते. पण त्यानं ड्युटीचे तास कमी होत नाहीत.

‘आम्हीही केलं’ म्हणणाऱ्या पिढीतली मीच एक. केलं खरं, पण त्यात कितीजण सिस्टरवर खेकसायला शिकले आणि निवृत्तीपर्यंत खेकसत राहिले, ते कोणी सांगत नाही. बरं, नियम नाहीत असंही नाही. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेत. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत साप्ताहिक सुट्टी (कामाची निकड नसेल तर, ही मेख आहेच) आणि वर्षाला किमान २० किरकोळ रजा आहेत.

म्हणून महिनाभराचे खरे तास वहीत लिही आणि युनिटच्या लेक्चररकडे जा. एकटी जाऊ नकोस, ‘नाजूक आहे’ म्हणून मोकळे होतील. सगळे को-रेसिडेंट मिळून जा. मागणी एकच ठेवा : इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी राउंड संपली, की पुढच्या डॉक्टरला पेशंटांचा लेखी हँडओव्हर देऊन हाऊसमननं, म्हणजे तुझ्यासारख्या ज्युनियर रेसिडेंटनं, दुपारी सुटायचं. सॅम्पल्सची पाळी लावा. लेक्चररनं टाळलं तर मार्डच्या, म्हणजे रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या, प्रतिनिधीला सोबत घ्या.

दोन दिवस भरपूर झोपूनही मन मेल्यासारखंच राहिलं, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर त्याच दिवशी सायकिअ‍ॅट्रिस्टला भेट. आपल्याच कॉलेजात लाज वाटत असेल तर बाहेरचा गाठ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

किती रजा घेतल्यास ते लिहिलं नाहीस. बहुधा एकही नाही. घरातल्या कार्यासाठी राखत बसू नकोस. पुढच्या आठवड्यात दोन टाक, आणि युनिटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेवढे दिवस म्यूट कर.