मोठा आहे, पण घर हवंय

या वेळी पिल्लांचे प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवलेत. शेल्टरमधल्या मोठ्या कुत्र्यांबद्दल बरीच पत्रं आलीत आणि त्यातलं पहिलं पत्र वाचल्यावर दुसरं काही लिहावंसंच वाटेना.

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहते, जॉब करते आणि दर रविवारी एका शेल्टरमध्ये मदतीला जाते. तिथे बंड्या नावाचा कुत्रा आहे, गावठीच, तपकिरी, अंदाजे सहा वर्षांचा. त्याचे मालक घर बदलताना त्याला सोडून गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मी त्याचे किती फोटो टाकले, रील केले, लाइक्स येतात, लोक "किती गोड" म्हणतात आणि शेवटी विचारतात पिल्लू आहे का. मागच्या वर्षी एका फॅमिलीने नेला आणि नवव्या दिवशी परत आणून सोडला, म्हणाले एकटा ठेवला की रडतो, शेजारी कंप्लेंट करतात. नंतर दोन आठवडे तो नीट जेवलाच नाही. आता मलाच भीती वाटते त्याला परत कोणाला द्यायची. काय करू?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तो परत आला यात त्याची चूक नाही आणि तुझीही नाही. पण ते नऊ दिवस लपवू नकोस, उलट पोस्टमध्ये सगळ्यात वर तेच लिही. "बंड्याला एकटं राहता येत नाही, दिवसभर कुणीतरी घरी असेल असं घर हवंय." एवढं वाचून शंभरातले नव्वद लोक पुढे जातील, जाऊ देत, ते बंड्याचे नव्हतेच. उरलेल्यांमध्ये एखादी घरून काम करणारी मुलगी असेल, एखादं आजीआजोबांचं घर असेल, आणि आपल्याला घर एकच हवंय.

हे मी अनुभवाने सांगतेय. सुरुवातीची काही वर्षं मी पण सगळ्या कुत्र्यांबद्दल एकच लिहायचे, "प्रेमळ आहे, सगळ्यांशी छान राहते." राणी म्हणून आठ वर्षांची कुत्री होती, तिच्याबद्दलही तेच लिहिलं, आणि जिथे दिली तिथे मांजर होतं. चौथ्या दिवशी राणी परत आली. मला माहीत होतं की तिला मांजर चालत नाही, पण वाटलं होतं की खरं लिहिलं तर कोणी नेणारच नाही. त्यानंतर मी लिहिलं की मांजर असेल तर नको, फटाक्यांना फार घाबरते, दिवाळीचे चार दिवस बाथरूममध्ये बसते आणि तेव्हा सोबत माणूस लागतं. दोन महिन्यांत फक्त तीन फोन आले. त्यातला एक पार्ल्याच्या एका रिटायर्ड जोडप्याचा होता, काका म्हणाले आम्ही दिवाळीत कुठे जातच नाही, बसू की तिच्यासोबत. राणी शेवटपर्यंत त्यांच्याकडेच होती.

आता हे खरं लिहायचं तर आधी आपल्यालाच माहीत पाहिजे, आणि शेल्टरमध्ये बघून ते कळत नाही. चाळीस कुत्र्यांच्या भुंकण्यात जो कोपऱ्यात बसतो तो घरात कसा असेल हे तिथे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून शेल्टरवाल्यांची परवानगी काढून रविवारी त्याला बाहेर ने, पहिल्या वेळी तासभर, मग अर्धा दिवस. रिक्षात बसव, टपरीवर चहा पिताना शेजारी बसव, तुझ्या बिल्डिंगचे जिने चढव, लिफ्टमध्ये ने. कुकरची शिट्टी झाली, मिक्सर लागला, बेल वाजली तर काय करतो, लहान मुलं पळत आली तर मागे सरकतो का शेपटी हलवतो, सगळं वहीत लिही. कोणी दोन-तीन आठवडे फॉस्टर करायला, म्हणजे तात्पुरतं स्वतःच्या घरी सांभाळायला तयार झालं तर फारच चांगलं, कारण "तो आमच्या घरी राहिलाय" या वाक्याने समोरच्याची निम्मी भीती जाते.

एकटं राहण्याची सवयही फॉस्टरच्या घरीच लावता येते. दोन मिनिटं दाराबाहेर जायचं आणि तो रडायच्या आत परत यायचं, मग पाच मिनिटं, मग पंधरा. जाताना लाड नाहीत, आल्यावर गाजावाजा नाही. चावी उचलली की तो कासावीस होत असेल तर दिवसातून दहा वेळा चावी उचलून परत ठेवायची, कुठेही न जाता. याला आठवडे लागतात, कधीकधी महिने, आणि घाई केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

फोटो पिंजऱ्याच्या जाळीतून काढू नकोस. जाळीतला कुत्रा बघून लोकांना दया येते, पण घरी न्यावंसं वाटत नाही. सकाळच्या उन्हात, त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला बसून काढ. आणि एक व्हिडिओ असा हवा की कोणीतरी पोळ्या लाटतंय आणि बंड्या तिथेच जमिनीवर पसरलाय. लोकांना तो आपल्या घरात दिसला पाहिजे.

आणखी एक, फक्त इन्स्टावर अवलंबून राहू नकोस. दिवसभर घरी असणारी माणसं बऱ्याचदा रील बघत नाहीत. एका कागदावर मराठीत साधं चार ओळी लिही, फोटो लाव, आणि ओळखीच्या व्हेटकडे, केमिस्टकडे, बागेत सकाळी चालायला येणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये दे. ज्यांचा म्हातारा कुत्रा सहा महिन्यांपूर्वी गेलाय अशी घरं व्हेटला माहीत असतात. त्यांचे नंबर मागू नकोस, फक्त म्हण की त्यांना बंड्याबद्दल सांगा.

कोणी तयार झालं की फाइल द्यायची. नसबंदी कधी झाली, रेबीजचं आणि बाकी लसींचं इंजेक्शन कधी आहे, जंताचं औषध कधी दिलं. देण्याआधी एकदा रक्त तपासून घे, कारण आपल्याकडे गोचिडांमुळे टिक फिव्हर फार होतो आणि वरून निरोगी दिसणाऱ्या कुत्र्याच्या रक्तातही तो सापडतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, ती लस झालीय का तेही बघ. आणि महिन्याचा खर्च किती येतो ते स्वतःहून सांग, समोरच्याने विचारायची वाट बघू नकोस.

घर बघायला जायचंच. खिडकीला ग्रिल आहे का, घरातल्या सगळ्यांना कुत्रा हवाय का एकट्या मुलालाच, भाड्याचं घर असेल तर मालकाने लेखी दिलंय का. आणि मी प्रत्येकाला विचारते तो प्रश्न म्हणजे गणपतीला गावाला जाता का, मे महिन्यात जाता का, तेव्हा हा कुठे राहणार? मुंबईत कितीतरी कुत्री याच एका प्रश्नावर परत येतात. ज्यांच्याकडे याचं उत्तर तयार असतं त्यांनी खरंच विचार केलेला असतो. शेवटी अडॉप्शन फॉर्मवर लिहून घे की नाही जमलं तर कुत्रा शेल्टरकडेच परत येईल, रस्त्यावर नाही आणि परस्पर तिसऱ्याला नाही. त्यांनी परत आणला तर रागावू नकोस, लोक रागाला घाबरून गुपचूप सोडून देतात.

आणि तो दोन आठवडे जेवला नाही हे वाचून मला वाईट वाटलं, पण म्हणून त्याला कायम तिथेच ठेवणं हा उपाय नाही. तो दुखावला गेला कारण त्या घरात नऊ दिवसांत त्याचा जीव रमायला लागला होता.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा आहे, गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, मिसेस गेल्यापासून एकटाच असतो. आमच्याकडे पूर्वी कुत्रा होता. आता परत ठेवावा असं मनात आहे. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो बाबा आणायचाच तर पिल्लू आणा, मोठ्या कुत्र्याला माया लागत नाही. खरं आहे का?

उत्तर : काका, नाही, हे खरं नाही. माया लागायला वय आड येत नाही, थोडा वेळ लागतो इतकंच. आपल्या घरोघरच्या दत्ताच्या फोटोत चार कुत्री असतात, त्यात एकही पिल्लू नसतं.

पिल्लू तुमच्यासाठी मला योग्य वाटत नाही. पिल्लाला दर दोन तासांनी शूला न्यावं लागतं, रात्री दोनदा उठावं लागतं, आणि तुमचा तर तिसरा मजला. दात येताना चपला, चष्मा, पेपर काही सोडत नाही, आणि वर्षभरात ते किती मोठं होईल, किती जोरात ओढेल हे आज कळत नाही. सात-आठ वर्षांचा कुत्रा जसा आहे तसा समोर दिसतो. दिवसातला बराच वेळ झोपतो, सकाळ-संध्याकाळ तुमच्या चालीने चालतो.

शेल्टरमध्ये गेलात की दोन गोष्टी नक्की बघा. मागच्या पायांना किंवा कमरेला त्रास नाही ना, कारण लाकडी जिना रोज उतरायचाय. आणि पट्ट्याला ओढतो का, हे कोणाला विचारू नका, स्वतः हातात पट्टा घेऊन रस्त्यावर चालून बघा. एका भेटीत ठरवू नका, तीन-चार वेळा जा.

एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. तुम्हाला आठ दिवस हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं तर कुत्र्याकडे कोण बघणार, हे आधी ठरवा. मुलाशी फोनवर स्पष्ट बोला, शेजारच्या एखाद्या घरालाही विचारून ठेवा आणि ते कागदावर लिहून कपाटाच्या दाराला लावा. चाळीत दार उघडं असतं, माणसं येतजात असतात, त्यामुळे हे तुम्हाला ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांपेक्षा सोपं जाईल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर कुत्री सात वर्षांची आहे. बायकोला सातवा महिना आहे. घरचे म्हणतात केस बाळाच्या पोटात जातील, कुठल्यातरी शेल्टरला देऊन टाका. काय करावं?

उत्तर : देऊ नका. सात वर्षं घरात झोपलेली लॅब शेल्टरच्या लादीवर काय होऊन बसते ते मी बघितलंय, काही जणी तर दाराकडे तोंड करून बसतात आणि तिथून उठतच नाहीत. तिच्या लसी आणि जंताचं औषध वेळेवर द्या, रोज केस विंचरा, घर पुसा. बाळ घरी यायच्या आधी त्याचं वापरलेलं दुपटं हॉस्पिटलमधून आणून तिला हुंगू द्या. बाळ आणि कुत्री खोलीत एकटे कधीच ठेवायचे नाहीत, एक मिनिटही नाही, कुत्री कितीही शांत असली तरी. अजून दोन महिने हातात आहेत, तिची झोपायची जागा बदलायची असेल तर आजच बदला, म्हणजे बाळ आलं आणि मला हाकललं असं तिला होणार नाही.

आणि सगळं करून खरंच नाही जमलं तर ती तुमच्याच घरी असताना तिच्यासाठी दुसरं घर शोधा, वर बंड्यासाठी सांगितलंय त्याच पद्धतीने. कुठेतरी नेऊन सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न : मोठा कुत्रा अडॉप्ट करतोय, पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात ठराव केलाय, कुत्रा ठेवता येणार नाही, लिफ्टने तर अजिबात नाही. (कांदिवली)

उत्तर : असा ठराव चालत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यानुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटी पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही आणि लिफ्टही बंद करू शकत नाही. त्याची प्रिंट काढून पत्रासोबत द्या. तुमच्या बाजूनेही सगळं चोख ठेवा, रेबीजची लस, महापालिकेचं कुत्र्याचं लायसन्स, पॅसेजमध्ये पट्टा, आणि शी उचलायला पिशवी कायम खिशात. आणि भांडणाआधी एकदा सेक्रेटरींच्या घरी जाऊन या, बऱ्याचदा त्यांच्याच घरात कोणीतरी कुत्र्याला घाबरणारं असतं आणि टायमिंग ठरवून घेतलं की प्रश्न सुटतो.

प्रश्न : तीन दिवसांपूर्वी पाच वर्षांची कुत्री शेल्टरमधून आणली. पलंगाखाली बसलीय, बाहेरच येत नाही, नीट खात नाही, हात लावू देत नाही. आमचं काही चुकतंय का? परत द्यावी का? (ठाणे)

उत्तर : काही चुकत नाहीये, आणि प्लीज परत देऊ नका. पहिले तीन दिवस भीतीचे, साधारण तीन आठवडे घराचं रुटीन कळायला आणि तीन महिने हे आपलंच घर आहे असं वाटायला, असा ढोबळ हिशोब आम्ही सगळे धरतो, काहींना याहून जास्तही लागतो.

पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका, पलंगाखालून ओढून काढू नका. शेल्टरमध्ये जे खात होती तेच आठवडाभर द्या, मग हळूहळू बदला. वाटी पलंगाजवळ ठेवून खोलीतून निघून जा. तुम्ही जमिनीवर थोडं लांब, तिच्याकडे पाठ करून बसा, पेपर वाचा, फोनवर हळू बोला, तिला तुमच्या आवाजाची सवय होऊ दे. शूला रात्री अकरानंतर रस्ता शांत झाला की न्या, रोज त्याच जागी. नवीन कुत्री पळून जातात ती याच दिवसांत, एखादा हॉर्न किंवा फटाका पुरतो, म्हणून गळ्यात पट्टा आणि अंगावर हार्नेस, दोन्हीला वेगळी दोरी, आणि तुमचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला आजच लावा. दार उघडायच्या आधी दोरी हातात आहे का बघायचं, घरातल्या प्रत्येकाने.

चोवीस तास शू केली नाही, पाणीसुद्धा पीत नसेल, उलट्या होत असतील, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा अंग तापलं असेल तर ते फक्त भीतीचं नसतं, लगेच व्हेटकडे न्या आणि गोचिडाच्या तापाची तपासणी करायला सांगा.

आणि आज रात्री ती पलंगाखालून बाहेर येऊन पाणी प्यायली आणि परत आत गेली तर लाइट लावू नका, हाक मारू नका, सगळ्यांनी झोपल्यासारखं पडून राहा.