सुबत्ता आली, मग आयरिश कादंबरीतले दुःख का गेले नाही?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त डब्लिनला असते आणि तिथल्या पगारांचे व घरभाड्यांचे आकडे सांगून मला थक्क करते. मात्र तिने पाठवलेल्या आयरिश कादंबऱ्यांत उपासमार, दारू, देशांतर आणि पाऊस यांखेरीज फारसे काही दिसत नाही. देश श्रीमंत झाल्यावरही तेथील लेखक हे रडगाणे का गातात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ‘रडगाणे’ हा शब्द मला जरा अन्यायाचा वाटतो, कारण या लेखनातला विनोद ऐन दारिद्र्याच्या वर्णनातही आटत नाही, परंतु आपले निरीक्षण चुकीचे नाही. १९५० च्या दशकात आयर्लंडमधून सुमारे चार लाख माणसे बाहेर पडली आणि १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम २८ लाख भरली. अशा देशात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ‘सेल्टिक टायगर’ म्हणून ओळखली जाणारी भरभराट सुरू झाली, तेव्हा साहित्याचा सूर उजळेल असे कोणालाही वाटले असते. घडले जवळजवळ उलटे. फ्रँक मॅकोर्ट यांचे ‘अँजेलाज ॲशेस’ हे लिमरिकमधील भुकेल्या बालपणाचे आत्मकथन आले १९९६ मध्ये, आणि १८४७ च्या दुष्काळातून अमेरिकेकडे निघालेल्या जहाजावरची जोसेफ ओ’कॉनर यांची ‘स्टार ऑफ द सी’ ही कादंबरी २००२ मध्ये, म्हणजे तेजी ऐन भरात असताना.

मला याचे नवल वाटत नाही. चूल पेटण्याची भ्रांत असताना माणूस आपली गरिबी झाकतो. ती चारचौघांत सांगण्याचे धाडस पोट भरल्यावर येते. (तरीही लिमरिकमधील अनेकांना मॅकोर्ट यांचे सांगणे रुचले नाही, हे नमूद करायला हवे.) मात्र तेजीच्या त्या वर्षांतले आयर्लंड कादंबरीत फारच थोडे उतरले, ही त्या काळच्या टीकाकारांची तक्रारही रास्त होती.

ती उणीव भरून निघाली ती मंदीमुळे. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने बुडत्या बँकांच्या देण्यांची हमी घेतली, नोव्हेंबर २०१० मध्ये ८५ अब्ज युरोंची मदतयोजना स्वीकारावी लागली आणि गावोगावी अर्धवट बांधलेल्या, ओस पडलेल्या घरांच्या वसाहती मागे राहिल्या. डोनल रायन यांच्या ‘द स्पिनिंग हार्ट’ (२०१२) या कादंबरीत गावचा बिल्डर पळून गेल्यावर एकवीस माणसे आळीपाळीने बोलतात. त्याने कामगारांच्या सामाजिक विम्याचे हप्ते भरलेच नव्हते, हे त्यांना काम गेल्यानंतर कळते. या दुःखाची जात जुन्या दुःखाहून वेगळी आहे. जुन्या कथांतील माणूस दैव, चर्च आणि इंग्रज यांना दोष देऊ शकत असे. इथे फसवणारा आपल्याच गावचा असतो आणि त्या तेजीत आपणही हात धुऊन घेतले, ही बोच ऐकणाऱ्याला लागून राहते.

त्यानंतर अर्थव्यवस्था पुन्हा सावरली, इतकी की २०१५ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादन सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. त्यातला मोठा भाग बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री आयर्लंडमध्ये हलवल्याचा परिणाम होता. देश श्रीमंत आणि तरुणाला भाड्याची खोली परवडत नाही, ही विसंगती नव्या पिढीच्या लेखनात सतत डोकावते. सॅली रूनी यांच्या ‘नॉर्मल पीपल’मध्ये (२०१८) नायकाची आई नायिकेच्या घरी सफाईचे काम करते, पुढे दोघांनाही विद्यापीठाची एकच शिष्यवृत्ती मिळते, तेव्हा तिच्यासाठी तो मान असतो, तर त्याच्यासाठी राहण्याजेवण्याची सोय. इथे कोणी उपाशी नाही, पण पैशाचा विचार मनातून जात नाही.

आपल्या कन्येने पुढच्या वेळी क्लेअर कीगन यांची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२१) पाठवावी. जेमतेम शंभर-सव्वाशे पानांची ही कादंबरी १९८५ च्या हलाखीच्या काळात न्यू रॉस गावात घडते. तिचा नायक कोळशाचा व्यापारी आहे. पाच मुलींचा हा बाप कष्टाने थोडेफार कमावून आहे. धुलाईघर चालवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या कोळशाच्या कोठारात डांबलेली मुलगी त्याच्या दृष्टीस पडते, आणि गावकरी त्याला सुचवतात की नन्सशी वाकडे घेतलेस तर तुझा धंदा आणि मुलींच्या शाळा, दोन्ही धोक्यात येतील. गमावण्यासारखे काही हाती आल्यानंतरची ही भीती सुखवस्तू आयर्लंडमधल्या वाचकांना इतकी ओळखीची का वाटली असावी, ते आपणच वाचून पाहावे.