दाराच्या काचेसाठी क्लेम करावा की पदरचे पैसे घालावेत?

एका वाचक भगिनींनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या सहा वर्षे जुन्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराची काच चोरट्यांनी फोडली, सीटवरची बॅग गेली, आणि तेव्हापासून त्या दाराला प्लॅस्टिक चिकटवून गाडी वापरत आहेत. विमा एजंट म्हणतात, क्लेम करा आणि मोकळे व्हा. अधिकृत सर्व्हिस सेंटरने दिलेला खर्चाचा अंदाज त्यांना जड वाटतो. बाहेरच्या एका गॅरेजने जवळजवळ निम्म्या पैशांत काम करून देतो असे सांगितले आहे. आणि एका ओळखीच्या गृहस्थांनी चारही दारांना लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा थर असलेल्या, काचा बसवून घेण्याचा आग्रह धरला आहे. गाडी दोन वर्षांनी विकायचा विचार आहे. आकस्मिक खर्चासाठी तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवलेली आहे.

तुमच्या प्रश्नातला सर्वांत सोपा भाग आधी निकाली काढतो. ही काच दुरुस्त होत नाही, ती बदलावीच लागते. विंडशील्डला खडा लागून उडालेला लहानसा टवका राळ भरून बुजवता येतो, कारण तिथे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा चिवट थर दाबून बसवलेला असतो. दाराची काच मात्र बहुतेक गाड्यांत टफन केलेली असते. ती ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात, त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो, आणि हा तोल एका ठिकाणी बिघडला की सबंध काच एका क्षणात बोथट कडांच्या बारीक तुकड्यांत विखुरते. याच कारणाने अशी काच तयार झाल्यानंतर कापता येत नाही किंवा तिला भोकही पाडता येत नाही. तुमच्या मॉडेलच्या त्याच दारासाठी बनवलेली काचच तिथे बसते; मापाने कापून देतो असे कोणी म्हणाले तर ती टफन केलेली काच नाही एवढे नक्की समजावे.

आता एजंटच्या सल्ल्याकडे वळतो, कारण घोडे पेंड खाते ते इथेच. तुम्ही कळवलेल्या रकमा मी प्रमाणात मांडतो. सूट वजा होण्यापूर्वीचा तुमचा वार्षिक हप्ता १०० धरू. सर्व्हिस सेंटरचा अंदाज त्या हिशेबाने ३० येतो, बाहेरच्या गॅरेजचा १६, आणि कोणत्याही क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायचा वाटा १२ आहे. म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये काम करून क्लेम केला तर विमा कंपनीकडून तुमच्या पदरात १८ पडतील, आणि बाहेर काम केले तर अवघे ४. क्लेम न केल्याबद्दल तुम्हाला सध्या ४० टक्के सूट मिळते आणि पुढच्या नूतनीकरणाला ती ५० टक्क्यांच्या कमाल मर्यादेला पोहोचणार आहे. तुमच्या पॉलिसीतील तक्त्यानुसार एक क्लेम झाला की सूट २० टक्क्यांवर घसरते आणि नंतर दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते. क्लेम केला नाही तर पुढची तीन वर्षे तुम्ही ५०, ५० आणि ५० भराल. क्लेम केला तर ८०, ७० आणि ६० भराल, आणि चौथ्या वर्षी कुठे पुन्हा ५० वर याल. फरक ६० चा आहे. १८ मिळवण्यासाठी ६० घालवायला सांगणारा सल्ला मी कोणत्याही अशिलाला देणार नाही.

यावर एक रास्त शंका घेतली जाते, ती अशी की पुढच्या वर्षी मोठा अपघात झाला आणि तेव्हा क्लेम करावाच लागला, तर सूट तशीही जाणारच. मग आत्ताच का घेऊ नये? तरीही हिशेब बदलत नाही, कारण त्या अपघाताआधीच्या नूतनीकरणाला तुम्ही ५० ऐवजी ८० भरलेले असतील, आणि त्या एकाच वर्षाचा ३० चा फरक मिळालेल्या १८ पेक्षा जास्त आहे. दोन वर्षांनी गाडी विकली तरी सुटका नाही, कारण ही सूट पुष्कळदा गाडीची नसून विमाधारकाची असते आणि पुढच्या गाडीच्या पॉलिसीत तीच पुढे चालते.

मात्र दोन परिस्थितींत माझे उत्तर उलटे होईल, आणि त्या तुम्ही पॉलिसीचे कागद उघडून आजच तपासाव्यात. पहिली म्हणजे काचेसाठी वेगळे संरक्षण किंवा सूट सांभाळणारे जोडसंरक्षण तुम्ही घेतलेले असणे. काही पॉलिसींमध्ये केवळ काच बदलल्याने सूट कमी होत नाही आणि स्वतःचा वाटाही कमी असतो किंवा नसतो. तसे असेल तर बेलाशक क्लेम करा, त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत. दुसरी म्हणजे यंदाच्या पॉलिसी वर्षात आधीच एखादा क्लेम झालेला असणे. तेव्हा सूट गेलेलीच असते, आणि तुमच्या तक्त्यात दुसऱ्या क्लेमची आणखी शिक्षा नसेल तर हे १८ सोडण्याचे कारण उरत नाही. क्लेम करायचा असो वा नसो, पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत ठेवा आणि फुटलेल्या दाराची छायाचित्रे काढून ठेवा. गाडीचा विमा साधारणपणे आतल्या खाजगी वस्तूंना लागू नसतो, परंतु घरगुती सामानाच्या पॉलिसीत घराबाहेरच्या चोरीचे कलम असेल तर बॅगेचा दावा तिथे होऊ शकतो आणि त्यालाही हीच नोंद लागते.

तेव्हा पैसे पदरचेच घालायचे, असे धरून ३० आणि १६ या दोन अंदाजांकडे पाहू. बाहेरच्या गॅरेजचा आकडा मला लगेच संशयास्पद वाटत नाही. गाडीच्या कंपनीचे चिन्ह असलेली काच गाडीची कंपनी सहसा स्वतः बनवत नाही. सेंट गोबेन, पिल्किंग्टन, एजीसी, फुयाओ यांसारखे काच उत्पादक ती पुरवतात आणि त्यांतले काही उत्पादक सुट्या बाजारातही काच विकतात. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत उत्पादकाचे नाव, काच टफन की लॅमिनेटेड याची खूण आणि सुरक्षा मानकाची खूण छापलेली असते. तुमच्या उजव्या मागच्या दाराच्या काचेवरची ती खूण मोबाइलने टिपून घ्या आणि येणाऱ्या काचेवरच्या खुणेशी ताडून पाहा. रंगाची छटाही जुळली पाहिजे, कारण दोन वर्षांनी गाडी पाहायला येणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा तीच भरेल. मोडीत निघालेल्या गाडीची त्याच दाराची काचही मी वर्ज्य मानत नाही, फक्त तिच्या चारही कडांवरून बोट फिरवून पाहा (हातमोजा घालून). टफन काचेचा जीव तिच्या कडेत असतो, आणि कडेला टवका असलेली काच फुकट मिळाली तरी महागच पडते.

माझा खरा प्रश्न त्या १६ मध्ये काय काय धरले आहे हा आहे, कारण काच हा या कामातला तुलनेने साधा भाग असून दाराच्या पोटातले काम खर्चिक आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याच गाडीची अशी काच मी सर्वांत स्वस्त अंदाज देणाऱ्याकडून बसवून घेतली. अर्ध्या तासात काम झाले आणि मी स्वतःच्या व्यवहारचातुर्यावर खूश झालो. पहिल्या जोरदार पावसानंतर वळण घेताना दारातून पाणी हिंदकळल्याचा आवाज येऊ लागला. फिटरने दाराच्या तळाशी पडलेला काचेचा चुरा काढलाच नव्हता. पाणी निथळून जाण्यासाठी दाराच्या खालच्या कडेला जी बारीक छिद्रे असतात ती त्या चुऱ्याने बुजली होती. शिवाय पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूच्या आच्छादनाच्या, आतला प्लॅस्टिकचा पडदा त्याने फाडून तसाच सोडला होता, त्यामुळे ओल आतल्या बाजूला झिरपली. दुसरे गॅरेज, दुसऱ्यांदा मजुरी, नवा पडदा आणि एका स्पीकरची बदली, असे मिळून मी वाचवलेल्या पैशांच्या दुपटीहून अधिक गेले.

म्हणून बाहेरच्या गॅरेजकडून अंदाज लेखी आणि फोड करून मागा. त्यात काच, मजुरी, पॅड काढताना हमखास तुटणाऱ्या क्लिपा, दाराच्या तळाची व्हॅक्यूमने सफाई, काचेच्या वाटेतले रबर आणि बाहेरची पट्टी लागल्यास तिचा दर हे सगळे दिसले पाहिजे. काच वरखाली करणारा रेग्युलेटर, म्हणजे फिटरच्या भाषेत काचेची मशीन, उघडल्यावर तपासून सांगेन असे तो म्हणाला तर तो प्रामाणिक माणूस आहे. चोरट्याने काच खाली ओढून पाहिली असेल तर रेग्युलेटरची तार किंवा काच धरणारी पकड वाकलेली असू शकते, आणि सहा वर्षांच्या गाडीत तो झिजलेलाही असू शकतो. दार उघडलेच आहे तर तो तेव्हाच बदललेला बरा, कारण नंतर बदलायचा झाल्यास तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते. तेवढ्यासाठी १६ च्या वर ५ ते ६ राखून ठेवा. चांगला असलेला रेग्युलेटर मात्र केवळ त्याने सांगितले म्हणून बदलू नका; जुना भाग हातात घेऊन पाहण्याचा हक्क तुमचा आहे.

गाडीत एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे मी सर्व्हिस सेंटरचे ३० सुद्धा देईन. काही गाड्यांत बाजूच्या धडकेची जाणीव घेणारा संवेदक दाराच्या पोकळीतल्या हवेच्या दाबावर चालतो. तिथला पडदा नीट चिकटवलेला नसेल किंवा मोठी फट राहिली असेल, तर एअरबॅग उघडण्याच्या निर्णयात गडबड होऊ शकते. हा संवेदक बहुधा पुढच्या दारांत असतो, त्यामुळे तुमच्या मागच्या दाराबाबत शक्यता कमी आहे, तरी गॅरेजला गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर जास्तीचे १४ वाचवण्याच्या मोहात पडू नका.

चारही दारांना लॅमिनेटेड काचा बसवण्याचा विचार मी सोडून द्यायला सांगेन. अशी काच फुटली तरी जागच्या जागी धरून राहते, आवाज कमी करते आणि चोराचा वेळ खाते हे खरे आहे, आणि काही गाड्यांत ती मुळातच पुढच्या दारांना असते. परंतु जी गाडी टफन काचेसाठी बनली आहे तिच्यात जाडी, वजन, रबराची खाच आणि रेग्युलेटरची ताकद या सगळ्याचा मेळ नव्याने घालावा लागतो, आणि तोही चार दारांसाठी, दोन वर्षांत विकायच्या गाडीत. विकताना त्याचा एक पैसाही परत येणार नाही. शिवाय तुम्ही गाडीत आपत्कालीन हातोडी ठेवत असाल तर हेही ध्यानात घ्या की अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संस्थेने २०१९ साली अशी सहा साधने तपासली, तेव्हा त्यांतल्या चारांनी टफन काच फोडली आणि लॅमिनेटेड काच एकालाही फोडता आली नाही. बॅग सीटवर न ठेवता डिकीत ठेवण्याला काही खर्च येत नाही, आणि तुमच्या बाबतीत चोराला बोलावणे तिनेच धाडले होते.

पैसे आकस्मिक निधीतून काढा. तो अशाच वेळेसाठी असतो, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत तेवढी भर पुन्हा घाला. गॅरेजने बिनव्याजी हप्त्यांची सोय देऊ केली तर आधी रोख दिल्यास किती कमी कराल ते विचारा. त्या उत्तरात व्याज बहुधा लपलेले सापडते. काम लांबणीवर टाकण्यात मात्र बचत नाही. चिकटपट्टी रंगावर जितकी जास्त दिवस राहील तितकी ती काढताना रंग सोलवटण्याची भीती, ओल लागलेल्या सीटचा वास जात नाही, आणि प्लॅस्टिक लावलेली गाडी पाहून दुसरा चोरही थबकत नाही. तोवर त्या दाराचे काचेचे बटण दाबू नका आणि दार आपटून लावू नका.

काम झाल्यावर बिल चुकते करण्यापूर्वी पंधरा मिनिटे तिथेच काढा. काच चार-पाच वेळा पूर्ण वरखाली करून पाहा. ती वाटेत अडखळता कामा नये, वर जाताना तिरकी होता कामा नये. एका स्पर्शात वर जाणारी काच असेल तर तिची मर्यादा नव्याने शिकवावी लागते, आणि अडथळा आल्यावर ती परत खाली येते की नाही हे गुंडाळलेला टॉवेल मध्ये धरून तपासा, हात घालून नव्हे. त्या दाराचे कुलूप, स्पीकर आणि मुलांसाठीची कडी चालते का ते पाहा. वरून पाण्याचा पाइप सोडायला सांगा आणि दाराच्या खालच्या छिद्रांतून पाणी बाहेर येताना स्वतः वाकून बघा. मग गाडी वेगात एक फेरी मारून आणा. वाऱ्याची शिट्टी ऐकू आली तर काच रबरात नीट बसलेली नाही. पाणी गळणे आणि वाऱ्याचा आवाज या दोन्हींसाठी किमान सहा महिन्यांची कामाची हमी बिलावर लिहून घ्या, आणि ते बिल गाडीच्या कागदांत ठेवा. दोन वर्षांनी घेणारा माणूस वेगळी खूण पाहून विचारेल तेव्हा ते दाखवता येईल.