देव न मानणारा मुलगा वाईट वळणाला लागेल का?

"मॅडम, मुलगा देव मानत नाही म्हणतो. उद्या चुकीचं वागायची वेळ आली तर त्याला अडवणार कोण?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी इतक्या पालकांकडून ऐकला आहे की आज त्यांतल्या एका आईची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई सहकारी बँकेत कॅशियर. मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला. गणपतीला घरी आला आणि आरतीला उभा राहिला नाही. तेव्हापासून घरात अबोला, बाईंची झोप उडालेली.

दोन भेटी मी नुसतं ऐकलं. तिसऱ्या भेटीत विचारलं, "ताई, संध्याकाळी हिशोब करताना कॅश कधी जास्त भरली होती?"

"एकदा पाच हजार जास्त आले. सगळ्या स्लिपा परत तपासल्या, तर एका पेन्शनर आजोबांना कमी दिले गेले होते. रात्रीच फोन केला त्यांना."

"तेव्हा मनात काय होतं? देव बघतोय, शिक्षा करेल, असं?"

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मीही घाई केली नाही. मग हळूच म्हणाल्या, "नाही हो. त्यांचे हात आठवले. नोटा मोजताना थरथरतात ते."

ते थरथरते हात मी अजून विसरलेले नाही. प्रामाणिकपणा कुठून येतो, हे त्या आईने स्वतःच शोधलं होतं. मी फक्त प्रश्न विचारला. असा प्रश्न नेमक्या वेळी सुचणं, हीच माझ्या इतक्या वर्षांच्या कामाची कमाई समजते.

त्यांच्या श्रद्धेचा यात वाटा नव्हता, असं नाही. वडील वारकरी, दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही हे त्यांच्याकडूनच शिकलेल्या. धर्म असं वळण लावतो, अनेक घरांत लावलेलं मी पाहिलं आहे. पण ते लावणारा तो एकटाच नाही. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने जिनिव्हातल्या मुलांचा गोट्यांचा खेळ पाहून नोंदवलं होतं: लहान मुलांना नियम मोठ्यांनी घालून दिलेले, न बदलणारे वाटतात. मोठी झाल्यावर कळतं की ते आपण एकमेकांसाठी पाळतो. समाजसुधारक आगरकर देवाच्या बाबतीत अज्ञेयवादी होते, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे. त्यांनीच आईला लिहिलं होतं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर राहून परहितासाठी झटणार आहे.

मग मुलाला बोलावलं. तो हॉस्टेलच्या मेसचा हिशोब बघत होता. वाढीव बिलावर सही करण्यासाठी ठेकेदाराने पैसे देऊ केले होते, याने नाकारले.

"आईला सांगितलंस?"

"नाही. ती म्हणाली असती, देवानेच सुबुद्धी दिली."

त्यालाही मी सुनावलं. आईचा देवघरातला अर्धा तास हा तिचा आधार आहे, त्याला वेडेपणा म्हणायचा हक्क तुला नाही.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीने, काम करते. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. तिच्या आधारे पालकांना एवढंच सांगते: "त्याने देव मानलाच पाहिजे" यातला 'च' काढून बघा. त्याने देव मानला तर मला आवडेल, असं जरूर म्हणा. आरतीवरून भांडू नका. तो मित्राशी, रिक्षावाल्याशी, घरी काम करणाऱ्या मावशींशी कसा वागतो ते पाहा. चांगलं वागला तर त्याचं श्रेय त्यालाच द्या. खोटं बोलला तर पापाची भीती घालण्याऐवजी विचारा, यामुळे कुणाला काय सोसावं लागलं?

शेवटच्या भेटीत बाई म्हणाल्या, "काल फोनवर पहिल्यांदाच विचारलं, मेसचा हिशोब कसा जुळवतोस रे? पाऊण तास बोलत होता. पावत्या लावायची माझी पद्धत त्याला सांगितली."